पाळण्याची कॅसेट

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते मी केलं. तेही होणाऱ्या जावयासमोर आणि त्याच्या आईसमोर.

गेल्या हिवाळ्यातला एक रविवार. माझ्या मुलीचं लग्न नुकतंच ठरलं होतं. मुलगा साताऱ्याकडचा, नोकरीसाठी म्हैसूरला आलेला. वडील नाहीत, म्हणून त्याची आईही त्याच्याजवळ येऊन राहिलेली. दोघं पहिल्यांदाच आमच्याकडे सकाळच्या नाश्त्याला आली होती. माझी आई शेजारणीबरोबर देवळात गेली होती आणि मी उप्पिट्टाच्या बशा भरत होते.

मुलाला गाण्यांचं भारी वेड. बोलता बोलता त्यानं मला विचारलं, "काकू, असा एखादा अल्बम आहे का, ज्यानं तुमचं आयुष्य बदललं?"

मी तोंड उघडायच्या आत माझी लेक म्हणाली, "अम्माला काय विचारतोस? तिचं संगीत म्हणजे कुकरची शिट्टी."

मला लागलं. दीड वीत जिभेची पोर, आणि पाहुण्यांसमोर माझी शोभा करते! मी बशी खाली ठेवली. म्हटलं, "आहे की. आमच्या घरात एकच अल्बम आहे. पण तो नसता तर म्हैसूरच्या आमच्या माणसांतलं एकही बारसं झालं नसतं आणि एकही लग्न पुरं झालं नसतं!"

आता आमची माणसं म्हणजे कोण, तेही सांगते. आमचे पूर्वज फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. तलवारी कधीच गेल्या. आता कुणी बँकेत, कुणी गॅरेजात, माझ्या मावसभावाचं मंडी मोहल्ल्यात भांड्यांचं दुकान. घरात मराठी बोलतो, पण त्यात निम्मं कन्नड. भांडताना तर सगळंच कन्नड. पुस्तकातलं मराठी आम्ही देवळातल्या मंत्रासारखं ऐकतो. कानाला गोड लागतं, अर्थ कोण विचारतो?

माझे अप्पा म्हैसूरजवळच्या बेळगोळला एका कारखान्यात फिटर होते. मी झाले तेव्हा त्यांना कारखान्याच्या कामानं कोल्हापूरला जावं लागलं. तिथं एका दुकानात त्यांना ही कॅसेट दिसली. वेष्टणावर नक्षीचा पाळणा, त्याला मोगऱ्याच्या माळा सोडलेल्या. गाणारी बाई मराठी, गाणी मराठी, चित्र पाळण्याचं. लेकीच्या बारशाला याहून चांगलं काय मिळणार? अप्पांनी ती घेतली, शेजाऱ्यांचा टेपरेकॉर्डर मागून आणला आणि माझ्या बारशाला वाजवली. आमच्या लोकांत मराठी पाळणे असे यंत्रातून पहिल्यांदाच ऐकले गेले. बायका खुळावल्या.

त्यानंतर ती कॅसेट आमच्या घरातून जी फिरली, ती फिरलीच. कुणाचं बारसं असलं की आदल्या दिवशी माणूस दारात: "अक्का, पाळण्याची कॅसेट." मग ती लग्नातही शिरली. आमच्या लग्नात मुहूर्त झाल्यावर एक पाळण्याचा खेळ असतो. नव्या साडीची झोळी करायची, तिचं एक टोक नवऱ्यानं धरायचं, एक नवरीनं, आत लाकडाची बाहुली घालायची आणि झुलवायची. मग नवरीच्या आईनं बाहुलीच्या कानात नाव सांगायचं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे आणि नाव मोठ्यानं जाहीर करायचं. नाव मुद्दाम चावट ठेवतात. माझ्या लग्नात आईनं बाहुलीला त्या वेळच्या एका पडेल उमेदवाराचं नाव ठेवलं होतं. हसून हसून लोकांच्या हातातले विडे सांडले. तर या खेळाला आमची कॅसेट हवीच. ती झिजेल म्हणून पुढे मावसभावानं ती पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली.

आणि आईचं रडणं. तेही त्या कॅसेटचाच भाग म्हणा. दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं लागलं की लग्न कुणाचंही असो, माझी आई ढसाढसा रडणार. पदर तोंडात कोंबून नव्हे, उघड, खांदे हलवून. लांबच्या नात्यातल्या, जिचं नावही तिला धड आठवत नाही, अशा मुलीच्या लग्नातही. आम्ही भावंडं टिंगल करायचो: "सुटला बघा नळ. पालिकेला सांगून बंद करा कुणीतरी." आई रडता रडता हसायची आणि पुन्हा रडायची. लग्नात पोटभर रडून घरी आली की दोन दिवस तिचा आवाज मोकळा असायचा.

हे सगळं मी त्या दोघांना रंगवून सांगितलं. वर म्हटलं, "थांबा, ऐकवतेच." टीव्हीला पेन ड्राइव्ह लावला आणि मोठ्या दिमाखात कॉफी गाळायला स्वयंपाकघरात गेले.

परत आले तर होणाऱ्या विहीणबाईंच्या हातातला चमचा हवेतच थांबलेला. चेहरा पांढराफटक. मला वाटलं मिरची चावली. मी पाण्याचा पेला पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही.

"जरा बंद करता का हे?" त्या म्हणाल्या.

मी आवाज कमी केला.

"नाही, बंदच करा. हे तुम्ही... बारशाला लावता?"

"बारशाला, लग्नाला, सगळ्याला!" मी अजून तोऱ्यातच होते.

त्यांनी मुलाकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. मग त्या अगदी हळू म्हणाल्या, "अहो, ही गेलेल्या बाळाची गाणी आहेत."

मी हसले. खरंच हसले. म्हटलं, "काहीतरीच काय! 'जो जो' म्हणतेय की ती."

"म्हणतेय. पण पाळणा रिकामा आहे. बाळ गेलंय आणि आई रिकामा पाळणा हलवतेय. आता जे लागलं होतं त्यात ती त्याचं अंगडं-टोपडं धुऊन, घडी करून ठेवतेय. कुणाला द्यायचं नाही म्हणतेय."

माझ्या हातातली कॉफी बशीत सांडली. लेक म्हणाली, "अम्मा?"  मी टीव्ही बंद केला. बाहेर भाजीवाला ओरडत होता तेवढाच आवाज.

विहीणबाई भली बाई, उगाच कशाला खोटं बोलू. निघताना माझा हात धरून म्हणाल्या, "तुम्हाला ठाऊक नव्हतं, तुमची काय चूक. मला मानपान नको, काही नको. माझं एकच मागणं आहे. एवढं त्या मांडवात नको. एकुलता एक आहे हो माझा."

त्या गेल्या आणि माझं डोकं सटकलं. घरचं झालं थोडं, व्याह्यांनी धाडलं घोडं! कोण ही बाई? काल आली, आणि आमच्या घरच्या गाण्यांचा अर्थ आम्हाला सांगते? साताऱ्याचं मराठी तेवढं मराठी आणि आमचं काय तण? लेकीवर ओरडले, बशा आपटल्या. मग दार लावून टीव्हीसमोर बसले आणि ती गाणी पहिल्यापासून लावली. जन्मात पहिल्यांदा मी त्यातले शब्द ऐकत होते. न कळलेला शब्द आला की थांबवायचं, फोनवर अर्थ बघायचा, पुढे जायचं.

अय्यो देवा.

एकेक गाणं कळत गेलं तशी मी आतून थिजत गेले. एका गाण्यात आई दृष्ट काढायला मीठमोहऱ्या घेऊन येते आणि ओवाळायला कुणी नसतं. एकात ती वाऱ्याला सांगते, दोरी हलवू नकोस, मला फसल्यासारखं होतं. आणि दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं, जे लागलं की आईचा नळ सुटायचा, त्यात ती मातीला सांगते की याला कुशीवर झोपायची सवय आहे, तसंच झोपव. एवढं साधं होतं ते. एवढं मराठी तर मला येत होतं! मग आजवर मला ते ऐकू कसं आलं नाही? आम्हाला कुणालाच कसं आलं नाही? सुखाचं गाणं आहे असं सांगितलं, आम्ही सुखाचं ऐकलं. लाउडस्पीकर, पंगतीची घाई, पोरांचा दंगा, आणि वरून 'जो जो'. बस्स, झालं.

मग एकेक लग्न डोळ्यांपुढे यायला लागलं. एका लग्नात बेळगावकडचा कुणी पाहुणा पाळण्याच्या खेळाला ताडकन उठून निघून गेला होता. आम्ही समजलो, जेवणात काहीतरी खटकलं. आचाऱ्याला उगाच बोलणी बसली. एच. डी. कोटे गावाला दिलेल्या माझ्या चुलतबहिणीच्या बाळाचं बारसं आठवलं, तिच्या नणंदेच्या बाळाचं आठवलं, एकेकीच्या मांडीवरची बाळं आठवली. सगळ्यांच्या डोक्यावर आम्ही हे असलं वाजवलं! माझ्या बारशाला तर पहिल्यांदा.  मी उठून तोंडावर पाणी मारलं.

आणि मग त्याहून मोठी भीती समोर आली. आई.

आईला मागल्या वर्षी हृदयाचा झटका येऊन गेला होता. दवाखान्यातून घरी आली तेव्हा पहिलं वाक्य काय म्हणाली असेल? "नातीच्या लग्नात पाळण्याची कॅसेट वाजली की मी मोकळी." अप्पांची ती एवढीच निशाणी तिच्याजवळ राहिली होती. अप्पा जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचा शर्टही तिनं ठेवला नाही, पण ती कॅसेट देव्हाऱ्याच्या खणात, रेशमी चिंधीत. त्या बाईला मी काय सांगू? की अप्पांनी तुझ्या लेकीच्या बारशाला मढ्याची गाणी आणली? की तू जन्मभर शुभकार्यात सुतक वाजवत फिरलीस? ऐकूनच जीव जाईल तिचा. न सांगावं तर मांडवात गाणी लागणार, आणि विहीणबाई लेकाला घेऊन उठणार. इकडे आड, तिकडे विहीर. लेक रडून रडून म्हणत होती, "अम्मा, अज्जीला काही बोलू नकोस. आणि त्यांनाही दुखवू नकोस." वा! म्हणजे मी काय करू, हवेत विरघळून जाऊ?

शेवटी मी खोटं बोलायचं ठरवलं. पेन ड्राइव्ह बिघडला म्हणायचं, कॅसेट टेपरेकॉर्डरनं खाल्ली म्हणायचं, आणि मांडवात नादस्वरम लावून द्यायचं.

अवरेकाळूचे, म्हणजे पावट्याचे, दिवस होते. आमच्याकडे त्या शेंगांचे दाणे रात्री भिजत घालतात आणि सकाळी एकेक दाणा चिमटीत दाबून सालातून उडवतात. वेळखाऊ काम, बोलायला बरं. आई आणि मी मध्ये परात घेऊन बसलो होतो. मी दाण्याकडे बघत म्हटलं, "आई, एक वाईट बातमी आहे. पाळण्याची कॅसेट खराब झाली. पेन ड्राइव्हपण उघडत नाही."

 आईनं दोन-चार दाणे उडवले. मग म्हणाली, "कॅसेट मी काल पुसून ठेवली. चांगली आहे की. आणि खोटं बोलताना तू नाक खाजवतेस, ते आधी थांबव."

माझा हात नाकावरच होता.

"आई, ती नको लावूया लग्नात."

"का?"

"अशीच. आता कोण ऐकतं ते जुनं?"

"तुझ्या विहिणीला शब्द कळले," आई म्हणाली.

मी दचकून वर पाहिलं. आई दाणेच सोलत होती. मान वर नाही, आवाजात काही नाही. मीठ संपलंय म्हणावं तशी म्हणाली. "साताऱ्याची बाई घरात येणार म्हटल्यावर मला वाटलंच होतं. कधीतरी कुणाला तरी कळणारच की."

"म्हणजे? तुला... तुला ठाऊक आहे?"

"पहिल्या दिवसापासून."

माझ्या हातातला दाणा निसटून कुठे गेला कोण जाणे. पुढे ती जे बोलली ते मी तिच्याच शब्दांत सांगते.

"तुझ्या आधी एक होता. मुलगा. बारशाचा पाळणा माळ्यावरून काढून, धुऊन, वाळत घातला होता. बारशाच्या आदल्या दिवशी सकाळी पोर उठलंच नाही. दात न आलेल्या पोराला सुतक नाही, ठाऊक आहे ना तुला? दहावं नाही, तेरावं नाही, कुणी भेटायला येत नाही. तुझे अप्पा आणि तुझे आजोबा एका दुपट्यात घेऊन गेले आणि मातीत ठेवून आले. तुझी आजी म्हणाली, साकु, आता डोळ्यांतून पाणी काढायचं नाही. रडलीस तर पुढचं पोट राहणार नाही. बाई वाईट नव्हती, तिचीही दोन गेली होती. मी नाही रडले. दूध येत होतं, तर चोळीत फडकी घालायची आणि पोळ्या लाटायच्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मग तू झालीस. घरात त्याचं कुणी नाव काढत नव्हतं, मी तरी कुठून काढणार? नावच नव्हतं."

"आई..."

"थांब, ऐक की. तुझ्या बारशाला तुझे अप्पा ती कॅसेट घेऊन आले. किती खूश होते म्हणून सांगू. सगळ्यांना वेष्टणावरचा पाळणा दाखवत होते. तू माझ्या मांडीवर. गाणं सुरू झालं. पहिल्या ओळीलाच मला कळलं. रिकामा पाळणा कळायला काय कोल्हापूरला जायला लागतं? मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे साखर वाटत होते. यांना काही म्हणजे काही कळलं नव्हतं. आणि मी रडायला लागले. आवरेनाच. म्हटलं, आता तुझी आजी येऊन बोलणार. तर सगळ्या बायका जवळ आल्या, माझे डोळे पुसले आणि म्हणाल्या, आनंदाचं रडतेय हो, रडू दे."

आईनं दाणे सोलणं थांबवलं नव्हतं. परातीत हिरव्या डाळीचा ढीग वाढत होता. मला तो ढीग बघवेना.

"तेव्हा कळलं मला," ती म्हणाली, "की हे लागलं की मला रडता येतं. भर मांडवात, लाउडस्पीकर लावून. कुणी अडवत नाही, वर पाणी आणून देतात. मग मी कशाला सोडते?"

मी हादरून बसले होते, पण माझा स्वभाव काही हादरत नाही. रागच आला मला. म्हटलं, "आणि दुसऱ्यांच्या पोरीबाळी? त्यांच्या शुभकार्यात हे असलं? तुला काहीच वाटलं नाही?"

"वाटलं. पहिल्या दोन लग्नांना भीती वाटली. मग बघितलं. ज्यांच्या लग्नाला वाजली त्यांची पोरं धड आहेत. तुझं काय वाईट झालं? चांगली भांडायला उभी आहेस माझ्यासमोर. गाण्यानं कुणी मरत नाही ग. माझा तर गाणं नसताना गेला."



"अप्पांना कधी सांगितलं नाहीस?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी ती फोडून टाकली असती आणि जन्मभर स्वतःला शिव्या दिल्या असत्या. एवढ्या हौसेनं आणलेली. त्यांना वाटत होतं, पोर विसरायला ही बरी पडली. पडली की बरी, दुसऱ्या तऱ्हेनं."

मग ती उठली. गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू. देव्हाऱ्याच्या खणातून ती चिंधी आणली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "नको लावू लग्नात. त्या बाईला शब्द कळतात. ज्याला कळतं त्याला मांडवात हे ऐकवू नये. तिचा एकुलता एक आहे." आणि लगेच, "सालं बाहेर टाक, मुंग्या येतील," म्हणून आत गेली.

मी सालं टाकली नाही. तिथंच बसून राहिले. माझं बारसं, माझा पाळणा, माझं पहिलं गाणं म्हणून मी जे मिरवलं, ते त्याचं होतं. नळ सुटला, नळ सुटला म्हणून आम्ही तिला हसलो, आणि ती आमच्या हसण्यात बसून त्याच्यासाठी रडून घ्यायची. जावयानं विचारलं होतं, कुठल्या अल्बमनं तुमचं आयुष्य बदललं. या अल्बमनं माझं काहीच बदललं नव्हतं. आईला मात्र त्यानं जिवंत ठेवलं होतं, आणि तो अल्बम मी तिच्याकडून काढून घेतला होता.

दुसऱ्या दिवशी मी विहीणबाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. लपवून तरी काय करायचं? त्या ऐकता ऐकता खुर्चीच्या कडेला आल्या. शेवटी म्हणाल्या, "वाजवा. मी कानांत बोळे घालीन, पण वाजवा." मी घरी येऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, "बेड." कन्नडमध्ये नको म्हणाली की आमच्या आईचं ते शेवटचं असतं.

माघात लग्न झालं. मुहूर्त झाला, अक्षता पडल्या, नादस्वरमवाले कॉफी प्यायला उठले. पाळण्याच्या खेळाची वेळ आली आणि मांडवात सगळ्यांनी सवयीनं साउंडवाल्याकडे पाहिलं. मावसभाऊ ओरडला, "अक्का, कॅसेट कुठंय?" मी म्हटलं, "बिघडली." या वेळी नाक खाजवलं नाही. बायका हळहळल्या. आई पहिल्या रांगेत खुर्चीवर बसली होती, रिकामे हात मांडीवर. मी सारखी तिच्याकडे बघत होते. ती झोळीकडे बघत होती. एवढी कोरडी आई मी मांडवात कधी पाहिली नव्हती, आणि मला धसका बसला की आता हिचं हे सगळं छातीत राहणार, त्या दुखऱ्या छातीत.

लेकीनं आणि जावयानं साडीची टोकं धरली. लाकडाची बाहुली आत घातली. झोळी दोनदा झुलली. गाण्याविना ती कशीतरीच झुलत होती, साडीची सळसळ तेवढी ऐकू येत होती. पोरं खिदळायला लागली: नाव! नाव! नाव सांगायचा मान माझा. मी एक चावट नाव ठरवून आले होते, जावयाच्या साहेबाचं. मी झोळीकडे वाकले.

"थांब," आई म्हणाली.

ती खुर्चीवरून उठली होती. कुणीतरी हात द्यायला धावलं, तिनं तो झटकला. माझ्याजवळ आली, माझा कान धरला, लहानपणी धरायची तसा, आणि तोंड अगदी कानाशी आणून म्हणाली, "नाव मी सांगते."

तिनं नाव सांगितलं.

साधं नाव होतं, जुन्या वळणाचं. आमच्या घराण्यात कुणाचं नाही. ते मी इथं लिहिणार नाही. पण ते ऐकलं आणि मी झोळीची कड घट्ट धरली. नावच नव्हतं म्हणाली होती ना ही? दाणे सोलता सोलता, एवढ्या शांतपणे? नाव होतं. बारशाच्या आधीच तिनं मनात ठरवून ठेवलेलं होतं. सासूला नाही सांगितलं, अप्पांना नाही सांगितलं, मला त्या दिवशी नाही सांगितलं. माझ्या वयाहून जुनं ते नाव तिनं तोंडातून एकदाही बाहेर काढलं नव्हतं.

मी तिच्याकडे पाहिलं. मला विचारायचं होतं, त्याचं? 

"कुर्र कर की," आई म्हणाली. "सगळे थांबलेत."

मी वाकले. बाहुलीच्या लाकडी कानात कुर्र केलं आणि ते नाव सांगितलं. बायकांनी रिवाजाप्रमाणे माझ्या पाठीत धपाटे घातले. मला रडू फुटलं, आणि त्यांना वाटलं लेक सासरी चालली म्हणून. कुणी म्हणाली, "आईचा नळ आता लेकीला लागला." मागून आरडाओरडा सुरू झाला, नाव काय, मोठ्यानं सांगा! विहीणबाईंनी साउंडवाल्याच्या हातातून माइक ओढून घेतला आणि माझ्या तोंडाशी धरला.  कुणाचं नाव आहे ते त्यांना कळलं होतं.

मी भरल्या मांडवात ते नाव घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चावट नाव नाही म्हणून काहीजण हिरमुसले.

आई रडली नाही. माझा दंड धरून उभी होती, आणि तिची नजर मांडवाच्या पार टोकाला, शेवटच्या रांगांकडे लागली होती.

"परत सांग," ती म्हणाली. "मागच्यांना ऐकू गेलं नाही."

मी परत सांगितलं.